थंडीचा डाग
(नभोवाणीवरील भाषण)



आपल्या भाषेंत 'डाग देणें' असा एक जुना शब्दप्रयोग आहे. लोखंडाची सळई तापवून दुखऱ्या जागीं टेकवावी, म्हणजे तेथील दुखणें जळून जातें, अशी त्यामागील समजूत. सुश्रुतसंहितेंत अग्निकर्माचें विवेचन आहे, आणि खेड्यापाड्यांतून ही चाल आमच्या लहानपणींही दिसत असे. आज मी ज्या डागाविषयीं बोलणार आहें, तो मात्र याच्या अगदीं उलट, म्हणजे थंडीचा आहे. कातडीच्या कांहीं सामान्य कर्करोगांवर अतिशय थंड असा द्रव फवारून रोगट भाग गोठवून मारण्याची एक रीति आहे. डॉक्टर तिला क्रायोथेरपी किंवा क्रायोसर्जरी म्हणतात. आपण तिला शीतोपचार म्हणूं.

मी वैद्य नव्हे, शाळामास्तर होतों. मास्तराचें काम नवें शोधून काढण्याचें नसतें. दुसऱ्यांनीं शोधलेलें समजेल अशा भाषेंत सांगण्याचें असतें. कोणीं कोणता उपचार घ्यावा, हें सांगण्याचा मला अधिकार नाहीं. पण घरांतील वडील माणसाच्या चेहऱ्यावर न भरणारा व्रण दिसला, आणि कोणीं तो गोठवून टाकूं म्हटलें, तर त्या वेळीं काय विचारावें, एवढें या भाषणानंतर प्रत्येक श्रोत्याला ठाऊक असावें, अशी माझी इच्छा आहे.

प्रथम रोगाची ओळख. कातडीचे मुख्य कर्करोग तीन. त्वचेच्या वरच्या थराच्या तळाशीं ज्या पेशी असतात त्यांच्यापासून होणारा पहिला. त्याला तळपेशींचा कर्करोग म्हणतां येईल. डब्लिनचे डॉक्टर आर्थर जेकब यांनीं १८२७ सालीं पापण्यांवर व चेहऱ्यावर होणाऱ्या या विलक्षण व्रणाचें वर्णन प्रसिद्ध केलें. उंदरानें कुरतडल्याप्रमाणें तो कडेकडेनें मांस खात जातो, म्हणून इंग्रजींत त्याला उंदराचेंच विशेषण लागलें. हा रोग फार सावकाश वाढतो. शरीरांत दूरवर पसरणें त्याच्या बाबतींत अत्यंत विरळ. पण दुर्लक्ष केल्यास नाकाची पाळी, पापणी किंवा कान खाऊन टाकण्यास तो कचरत नाहीं.

दुसरा, त्वचेच्या वरच्या चपट्या पेशींचा. त्याला शल्कपेशींचा कर्करोग म्हणूं. हा पहिल्यापेक्षां अधिक चपळ. वेळीं आवर न घातल्यास मानेंतील, काखेंतील किंवा जांघेंतील गांठींपर्यंत जाण्याचें सामर्थ्य त्याच्या अंगीं असतें. तिसरा, कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा; याचें नांव मेलॅनोमा. संख्येनें तो पहिल्या दोघांहून कमी, पण घातकपणांत सर्वांत वरचढ. शीतोपचार मुख्यतः पहिल्या दोघांपैकीं जे लहान, उथळ व स्पष्ट कडांचे असतात त्यांच्यासाठीं, आणि उन्हानें होणाऱ्या पूर्वरूपाच्या खरबरीत चट्ट्यांसाठीं आहे. बॉस्टनचे डॉक्टर बोवेन यांनीं १९१२ सालीं वर्णन केलेला, वरच्याच थरांत कोंडून राहिलेला शल्कपेशींचा रोग हाही या उपचाराच्या आटोक्यांतला. मेलॅनोमा मात्र या यादींत नाहीं. याचें कारण पुढें येईल, आणि तेंच आजच्या भाषणाचें मर्म आहे.

आतां थंडीकडे वळूं. आपल्यापैकीं पुष्कळांनीं उन्हाळ्याच्या सुट्टींत लाकडी बादलींतील आइस्क्रीमचें यंत्र हातानें फिरविलें असेल. त्या बादलींत नुसता बर्फ घालून भागत नाहीं. त्यांत खडेमीठ घालावें लागतें. मीठ मिसळलें कीं बर्फ वितळूं लागतो, आणि वितळण्यास लागणारी उष्णता तो आसपासच्या वस्तूंतून ओढून घेतो. त्यामुळें मिश्रण शून्याच्या खालीं, उणे २० अंशांच्या आसपास उतरतें. हाच प्रयोग इंग्लंडांतील एका डॉक्टरानें रोग्याच्या शरीरावर केला. त्यांचें नांव जेम्स आर्नट. ब्रायटन येथें वैद्यकी करणाऱ्या या गृहस्थांनीं १८४५ नंतरच्या कांहीं वर्षांत फोडलेला बर्फ व मीठ यांच्या मिश्रणानें उघड्यावर आलेले कर्करोगाचे व्रण गोठविले. रोग समूळ गेला नाहीं. पण गांठ आकसली, रक्त व स्राव कमी झाला, आणि वेदना शमल्या. ज्या काळांत अशा रोग्यापाशीं अफूखेरीज दुसरें कांहीं नसे, त्या काळांत हा लाभ लहान नव्हता. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनांत त्यांनीं आपलें उपकरण मांडलें होतें.

मीठ आणि बर्फ यांच्यापेक्षां अधिक थंडी हवी असेल, तर हवाच द्रव करावयास हवी होती. पोलंडमधील क्राकाव येथें व्रोब्लेव्स्की व ओल्शेव्स्की या दोघांनीं १८८३ सालीं प्राणवायु व नत्रवायु हे द्रवरूपांत साठवून दाखविले. १८९२ च्या सुमारास जेम्स डेवर यांनीं दोन भिंतींमध्यें निर्वात पोकळी असलेलें भांडें बनविलें. आपल्या घरांतील थर्मास हें त्याचेंच अपत्य होय. १८९५ मध्यें हवा मोठ्या प्रमाणावर द्रव करण्याचीं यंत्रें निघालीं, आणि चारच वर्षांनीं, १८९९ सालीं, न्यूयॉर्कच्या कॅम्बेल व्हाइट यांनीं द्रव हवेंत बुडविलेल्या कापसाच्या बोळ्यानें कातडीचे रोग, त्यांत कर्करोगही, बरे केल्याचें प्रसिद्ध केलें. पुढें १९०७ मध्यें शिकागोच्या डॉक्टर प्यूसी यांनीं कर्बद्विप्राणिद वायूचा बर्फ वापरला. त्याची थंडी उणे ७८ अंश. कांडी करून टेकवावयास तो सोयीचा, म्हणून कित्येक वर्षें तोच चालला.

आजचें साधन म्हणजे द्रवरूप नत्रवायु, अर्थात् लिक्विड नायट्रोजन. आपण श्वासाबरोबर जी हवा घेतों, तिचा सुमारें पाऊण हिस्सा हाच वायु असतो. तो उणे १९६ अंशांवर उकळतो. तो जळत नाहीं, जाळण्यास मदत करीत नाहीं, आणि स्वस्त आहे. १९५० सालीं ऍलिंग्टन या अमेरिकन डॉक्टरांनीं त्यांत कापूस बुडवून त्वचेच्या विकारांवर लावण्याचें वर्णन केलें. १९६१ मध्यें मेंदूचे शल्यवैद्य अर्व्हिंग कूपर यांनीं हा द्रव बंद नळींतून खेळवून नळीचें टोंक थंड ठेवण्याची युक्ति काढली. त्यानंतर त्याच दशकांत टोरे व झकेरियन या त्वचारोगतज्ज्ञांनीं फवारणीचीं उपकरणें तयार केलीं. हातांत धरावयाचा लहानसा थर्मास, वर एक चाप, पुढें सुईसारखें तोंड, असें आज दिसणारें उपकरण त्याच परंपरेंतलें.

हा द्रव आपल्याकडे नवखा नाहीं. गाईम्हशींच्या कृत्रिम रेतनासाठीं गोठविलेलें वीर्य गांवोगांव नेणाऱ्या कार्यकर्त्यांच्या मोटारसायकलीला निमुळत्या मानेचा जो कॅन बांधलेला असतो, त्यांत हाच नायट्रोजन असतो. पुण्याजवळील उरुळीकांचन येथें मणिभाई देसाई यांनीं १९६७ मध्यें स्थापन केलेल्या बाएफ या संस्थेनें हें काम महाराष्ट्राबाहेरही नेलें. तेथें बीज जिवंत राखण्यासाठीं ही थंडी वापरतात, आणि येथें पेशी मारण्यासाठीं. मग एकच थंडी तारते कशी आणि मारते कशी?

याचें उत्तर थंडीच्या अंशांत कमी व चालींत जास्त आहे. वीर्य गोठवितांना त्यांत रक्षक द्रव्यें मिसळतात आणि थंडीची गति जपून नियमित करतात. हेतु हा, कीं पेशीच्या पोटांत बर्फाचे मोठे स्फटिक धरूं नयेत. कर्करोगाच्या बाबतींत डॉक्टर नेमकें याच्या विरुद्ध करतो. तो फवारा जोरानें मारून पेशींना झटक्यानें गोठवितो, म्हणजे बर्फ पेशीच्या आंतच धरतो व तिची रचना मोडून टाकतो. पेशीच्या बाहेर धरलेला बर्फ आंतील पाणी ओढून घेतो. त्यामुळें आंतील क्षार दाट होऊन तिला मारक ठरतात. मग डॉक्टर ती जागा आपोआप, सावकाश वितळूं देतो. या सावकाश वितळण्यांतच लहान स्फटिक एकत्र येऊन मोठे होतात आणि उरलेसुरलेलें काम पुरें करतात. शेवटीं, त्या भागांतील बारीक रक्तवाहिन्यांत रक्त सांकळतें, आणि ज्या पेशी थंडीनें मेल्या नाहींत त्या उपासानें मरतात. म्हणून या उपचाराचें सूत्र असें आहे: गोठवणें वेगानें, वितळणें संथपणें, आणि कर्करोग असेल तर हें सर्व पुन्हां एकदां. कर्करोगाची पेशी निश्चित मरावी म्हणून तिच्या मुळाशीं उणे ५० ते ६० अंश थंडी पोंचावी लागते. साध्या चामखिळीवर कांहीं सेकंद फवारा मारणें आणि कर्करोग गोठविणें, हीं कामें दिसावयास सारखीं असलीं तरी एक नव्हेत.

प्रत्यक्ष कृति कशी होते, हें मीं एकदां पाहिलें आहे. आमच्या शाळेंतील चित्रकलेचे एक शिक्षक माझे जुने स्नेही. त्यांच्या डाव्या गालावर, नाकाच्या बाजूस, मोत्यासारखी चकाकणारी एक काळसर पुटकुळी तीनचार वर्षें होती. दाढी करतांना तिच्यांतून रक्त येई, खपली धरे, खपली पडे, आणि पुन्हां रक्त येई. पहिल्यानें ज्यांना दाखविलें, त्यांनीं हात न लावतां मलमावर मलमें दिलीं. अखेर एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंनीं त्यांना खुर्चीवर बसवून, भिंगांतून नीट निरखून सांगितलें, "सर, प्रथम याचा लहानसा तुकडा काढून तपासूं. नांव कळल्याशिवाय मी यावर कांहींएक करणार नाहीं." आठवड्यानें उत्तर आलें: तळपेशींचा कर्करोग, लहान व उथळ.

उपचाराच्या दिवशीं मी बरोबर होतों. बाईंनीं पुटकुळीच्या कडेपासून चार-पांच मिलिमीटर अंतर सोडून भोंवतीं पेनानें वर्तुळ काढलें. जागा बधिर करण्याचें इंजेक्शन दिलें. डोळ्यावर आच्छादन ठेवलें. मग उपकरणाचा चाप दाबतांच पांढऱ्या वाफेचा झोत निघाला, आणि पाहतां पाहतां त्या वर्तुळांतील कातडी चुन्यासारखी पांढरी व दगडासारखी कठीण झाली. बर्फ वर्तुळाच्या रेघेपर्यंत पोंचल्यावर सुमारें अर्धा मिनिट फवारा चालू ठेवला. नंतर कांहीं मिनिटें नुसतें बसून राहणें, कातडी पूर्ववत् मऊ होईपर्यंत. मग तेंच दुसऱ्यांदां. जमिनीवर सांडलेले थेंब तापल्या तव्यावरील पाण्याच्या थेंबांप्रमाणें इकडून तिकडे पळत होते. त्या द्रवाच्या मानानें आपली फरशीच तापलेला तवा असते. टांका नाहीं, भूल नाहीं, रुग्णालयांत राहणें नाहीं. स्नेही चालत घरीं आले.

पण खरी परीक्षा पुढेंच असते, आणि ती आधीं सांगितलेली नसेल तर घरचीं माणसें घाबरतात. उपचारानंतर कांहीं तास ती जागा ठणकते. कपाळावर किंवा कानशिलावर उपचार झाला तर डोकेंही दुखतें. दुसऱ्या दिवसापर्यंत सूज येते, विशेषतः डोळ्याजवळ. मग फोड येतो, कधीं रक्ताळलेला. तो फुटून कित्येक दिवस पाणी वाहतें. नंतर जाड काळी खपली धरते. चेहऱ्यावरील जखम भरण्यास चारसहा आठवडे लागतात. पायाच्या नळीवरील जखमेला तीन महिनेही लागूं शकतात, कारण तेथील रक्ताचा पुरवठा तोकडा. या काळांत जागा रोज स्वच्छ धुवावी, डॉक्टरांनीं सांगितलेलें मलम लावून झांकावी, आणि खपली उपटूं नये. ताप, पू किंवा वाढती लाली दिसल्यास मात्र थांबूं नये. त्या जागेचे केस बहुधा पुन्हां येत नाहींत. स्पर्श कांहीं महिने बोथट राहतो, पण बहुधा परत येतो.

आतां एक गोष्ट आपल्या लोकांनीं विशेष लक्षांत घ्यावी. कातडींतील ज्या पेशी रंग बनवितात, त्या थंडीला फार भितात. कर्करोगाची पेशी मारण्यास उणे ५० अंश लागतात, तर रंगाची पेशी उणे चारपांच अंशांनाच मरते. म्हणून बरी झालेली जागा पांढरी राहते. गोऱ्या माणसाच्या गालावर हा वण शोधावा लागतो. आपल्या सांवळ्या गालावर तो दुरून दिसतो. आणि पांढऱ्या डागाकडे आपला समाज कोणत्या नजरेनें पाहतो, हें मी सांगावयास नको. आमच्या चित्रकलामास्तरांच्या नातीच्या लग्नाच्या बोलण्याच्या वेळीं पाहुण्यांपैकीं एका वडीलधाऱ्यांनीं त्यांना हळूच बाजूला घेऊन विचारलें, "आपल्या घरांत कोड आहे काय?" मास्तर म्हणाले, "कोड नव्हे, कर्करोग होता, तो गेला." हें ऐकून पाहुणे अधिकच गप्प झाले! मग मास्तरांनीं त्यांना बसवून सगळी हकिकत सांगितली. कोड हाही कांहीं अपराध नव्हे, आणि तो संसर्गानें लागत नाहीं, हें बजावण्यासही ते विसरले नाहींत. तात्पर्य, सांवळ्या माणसास हा उपचार वर्ज्य नाहीं; पण पांढरा वण राहील हें त्याला अगोदर सांगितलें पाहिजे, आणि तो त्याला पत्करत नसेल तर दुसरी वाट दाखविली पाहिजे. शस्त्रक्रियेचा वणही राहतोच; निवड करण्याचा हक्क मात्र ज्याचा चेहरा त्याचा.

या उपचाराचे गुण कोणते? वृद्ध, हृदयरोगी, रक्त पातळ करण्याचीं औषधें घेणारा, शस्त्रक्रियेस भिणारा किंवा तिला न झेपणारा, अशा रोग्यास तो सोयीचा. त्वचेखालील तंतु व कूर्चा थंडीला बऱ्याच अंशीं दाद देत नाहींत. म्हणून कान व नाक येथील आकार पुष्कळदां शाबूत राहतो. लहान, उथळ, पहिल्यानेंच झालेला तळपेशींचा कर्करोग नीट निवडून अनुभवी हातानें गोठविला, तर शंभरांपैकीं नव्वदांहून अधिक रोग्यांचा तो पुन्हां उलटत नाहीं, असें अनेक तज्ज्ञांचे अनुभव आहेत. तथापि शस्त्रक्रियेची बरोबरी तो सर्वत्र करीत नाहीं. मोठी, खोल, अस्पष्ट कडांची, वणासारखी पसरलेली, किंवा एकदां उपचार होऊन उलटलेली गांठ असेल, तर थंडीचा हट्ट धरूं नये. ज्यांच्या अंगावर थंडीनें गांधी उठतात, ज्यांच्या रक्तांत थंडीनें गोठणारीं द्रव्यें आहेत, किंवा ज्यांचे पाय रक्ताच्या कमतरतेनें अगोदरच व्रणग्रस्त आहेत, त्यांनीं हें डॉक्टरांस आधींच सांगावें.

आतां मर्माकडे येतों. शल्यवैद्य जेव्हां गांठ कापून काढतो, तेव्हां ती बाटलींत घालून प्रयोगशाळेंत जाते. तेथें सूक्ष्मदर्शकाखालीं रोग कोणता, किती खोल, आणि कडेपर्यंत पोंचला होता कीं कडा स्वच्छ आहेत, हें सर्व कळतें. गोठविलेली गांठ कोठेंही जात नाहीं. ती जागच्या जागीं मरते आणि खपलीबरोबर गळून पडते. थंडी रोगाला मारते, पण त्याचबरोबर रोगाची साक्षही मारते. म्हणून साक्ष आधीं नोंदवून घ्यावी लागते. म्हणजेच तुकडा काढून तपासावा लागतो. ज्याची तपासणी झाली नाहीं असा संशयित डाग गोठविणें, म्हणजे पंचनामा न करतां चोरीच्या घराला चुना लावणें होय.

मेलॅनोमाच्या बाबतींत याचा परिणाम प्राणघातक होऊं शकतो. त्या रोगांत पुढील सर्व उपचार गांठीच्या खोलीवर अवलंबून असतो. ती खोली मिलिमीटरांत मोजण्याची पद्धत अमेरिकन डॉक्टर ब्रेस्लो यांनीं १९७० सालीं घालून दिली. काळा डाग साधा तीळ समजून कोणीं गोठविला, तर वरचा भाग नाहींसा होतो, खालचा वाढत राहतो, आणि खोली मोजण्यास कांहींच उरत नाहीं. तळपेशींचा कर्करोगही आपल्या लोकांत पुष्कळदां काळसर असतो, म्हणजे दिसण्यांत तो तिळासारखाच. सबब, आपल्या कातडीवर नुसत्या नजरेचा निर्णय अधिक फसवा ठरतो. जी गोष्ट गोठविण्याची, तीच चुना, बिब्बा किंवा तेजाब लावून तीळ 'पाडण्याची', आणि सौंदर्यप्रसाधनाच्या दुकानांत तो जाळून घेण्याचीही.

येथें एक जुनी भीति आड येते. "सुरी लागली कीं कॅन्सर चाळवतो," असें वाक्य ऐकलें नाहीं असें घर विरळा. कातडीचा लहानसा तुकडा तपासणीसाठीं घेतल्यानें तेथील कर्करोग पसरत नाहीं. भीतीपायीं तपासणी लांबली कीं तो मात्र खात्रीनें वाढतो. रोग पुढें गेल्यावरच आपण सुरीपाशीं जातों, आणि मग त्याचा दोष सुरीला देतों.

कोणी म्हणेल, हा रोग तर गोऱ्यांचा. आम्हांस त्याची काळजी कशाला? यांत अर्धें सत्य आहे. ऑस्ट्रेलियांत, जेथें गोरी कातडी आणि कडक ऊन यांची गांठ पडली, तेथें दर तिघांपैकीं निदान दोघांना सत्तर वर्षांच्या आंत कातडीचा कोणता तरी कर्करोग होतो. आपल्या कातडींतील रंग ही निसर्गानें दिलेली छत्री आहे, आणि त्यामुळें हिंदुस्थानांत हा रोग पुष्कळ कमी. पण छत्री उन्हापासून राखते. वण, दाह आणि घर्षण यांपासून ती राखीत नाहीं. काश्मीरांत लोक अंगरख्याखालीं निखाऱ्यांची कांगडी धरतात. तिच्या सततच्या धगीनें पोटावर व मांड्यांवर होणाऱ्या कर्करोगाविषयीं डॉक्टर एल्म्स्ली यांनीं १८६६ सालींच लिहिलें होतें. मुंबईला टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ मध्यें सुरू झालें. तेथील विख्यात विकृतिशास्त्रज्ञ डॉक्टर व्ही. आर. खानोलकर यांनीं सूर्याबाई यांच्यासह १९४५ सालीं धोतराच्या कर्करोगाचें वर्णन प्रसिद्ध केलें: वर्षानुवर्षें कमरेला धोतर घट्ट कसल्यानें तेथील कातडीचा रंग जातो, ती जाड होते, आणि क्वचित् तेथेंच शल्कपेशींचा कर्करोग धरतो. परकराच्या नाडीच्या जागीं होणाऱ्या अशाच रोगाचीं वर्णनें पुढें आलीं. जुन्या भाजलेल्या वणावर वीसतीस वर्षांनीं उठणारा न भरणारा व्रण याच कुळांतला. आणि हे वणांवरचे कर्करोग गांठींत उतरण्याचा धोका अधिक असल्यानें, ते गोठविण्याचे नव्हेत, शस्त्रक्रियेचे आहेत. गोऱ्यांच्या देशांतील उपचार आपल्याकडे आणतांना हा भेद विसरून चालणार नाहीं. शिवाय, सांवळ्या माणसाचा मेलॅनोमा पुष्कळदां तळपाय, तळहात किंवा नखाखालीं होतो, जेथें ऊन पोंचत नाहीं आणि नजरही पोंचत नाहीं.

माझी वेळ संपत आली. घरांतील कर्त्या माणसांनीं एवढें करावें. महिना-दीड महिन्यांत न भरणारा व्रण, पुन्हां पुन्हां खपली धरून रक्त येणारी पुटकुळी, जुन्या वणावर आलेला नवा व्रण, आकार किंवा रंग बदलणारा तीळ, नखाखालची वाढती काळी रेघ, यांपैकीं कांहीं दिसल्यास त्वचारोगतज्ज्ञाकडे जावें. वृद्धांची पाठ, कानामागचा भाग, डोकें आणि तळपाय हीं त्यांना स्वतःला दिसत नाहींत. आंघोळीनंतर मुलानें, सुनेनें किंवा नातवानें तीं पाहावीं, आणि "म्हातारपणीं असें व्हावयाचेंच" म्हणून सोडून देऊं नये.

आणि डॉक्टर गोठवूं म्हणाले, तर नम्रपणें चार प्रश्न विचारावे. तुकड्याची तपासणी झाली काय, व तिच्यांत कोणतें नांव आलें? या जातीच्या, या जागच्या, एवढ्या गांठीला थंडी पुरेल, कीं शस्त्रक्रिया बरी? वण कसा राहील? आणि पुन्हां दाखविण्यास केव्हां यावें? या चौथ्या प्रश्नाचें महत्त्व पहिल्याइतकेंच. गोठविलेल्या जागेखालीं कांहीं शिल्लक राहिलें असेल तर तें वणाखालीं मुकाट्यानें वाढतें. आणि ज्याला एकदां हा रोग झाला, त्याला तो दुसऱ्या ठिकाणीं नव्यानें होण्याचाही संभव असतो. म्हणून कांहीं वर्षें नेमानें तपासून घ्यावें लागतें. आमचे चित्रकलामास्तर नेमानें जातात. पहिला प्रश्न डॉक्टरीणबाईंनीं त्यांच्या वतीनें स्वतःच विचारला होता, हें त्यांचें भाग्य. सर्वांनाच असे डॉक्टर भेटतील असें नाहीं. म्हणून तो प्रश्न आपल्याला पाठ असलेला बरा.